मालवणला न पोहोचलेली ‘विराट’: एका उभयचर युद्धनौकेचा इतिहास (थ्रेड)

१.
२८ सप्टेंबर २०२०. गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर, भरतीची वेळ साधून, एक जुनी युद्धनौका वाळूत रुतवण्यात आली. तिचे नाव ‘विराट’. तीस वर्षे मुंबई हे तिचे घर होते. दोनच वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिला सिंधुदुर्गच्या समुद्रात संग्रहालय म्हणून उभे करण्याचा निर्णय घेतला होता. प्रत्यक्षात ती भंगारात गेली. ही नौका नेमकी कोणत्या जातीची होती आणि ती मालवणच्या समुद्रापर्यंत का पोहोचली नाही, हे दोन प्रश्न या थ्रेडचा विषय आहेत.

२.
‘विराट’चा उल्लेख नेहमी ‘विमानवाहू नौका’ असा होतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे. आज अमेरिकेच्या नौदलात ‘वास्प’ आणि ‘अमेरिका’ या वर्गांच्या ज्या नौका आहेत, त्यांना उभयचर हल्ला नौका म्हणतात. एकाच जहाजावर सैनिक, त्यांना किनाऱ्यावर नेणारी हेलिकॉप्टरे आणि त्यांना आकाशातून संरक्षण देणारी जेट विमाने, अशी ही रचना असते. हे तिन्ही घटक एका डेकवर आणून प्रत्यक्ष युद्धात उतरलेल्या पहिल्या नौकांत ‘विराट’ची गणना करावी लागते.

३.
या जातीच्या नौकांची गरज का निर्माण झाली, हे समजण्यासाठी एक जुना प्रश्न ध्यानात घ्यावा लागतो. समुद्रातून आलेले सैन्य जमिनीवर उतरवायचे कसे? जहाजावर सैनिक सुरक्षित असतो. जमिनीवर पाय रोवल्यावर तो लढू शकतो. मात्र या दोहोंमधले काही शे मीटर अंतर तो होडीत बसून कापत असतो. त्या वेळी त्याला आडोसा नसतो, वेग नसतो, आणि उतरण्याची जागा शत्रूला आधीच ठाऊक असते.

४.
मराठ्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराज स्वतः आरमारासह मालवणहून निघाले आणि आजच्या कर्नाटकातील बसरूर या श्रीमंत बंदरावर उतरले. कारवारच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या नोंदीत या आरमाराची संख्या ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे अशी येते. परतताना महाराजांनी गोकर्णाचे दर्शन घेतले.

५.
बसरूरच्या मोहिमेचे यश अनपेक्षितपणात होते. बंदराला हल्ल्याची पूर्वकल्पना नव्हती, त्यामुळे गलबतांतून उतरणाऱ्या सैन्यावर किनाऱ्यावरून मारा झाला नाही. समुद्रमार्गे सैन्य उतरवण्याचा हाच सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय: शत्रू जागा होण्यापूर्वी उतरणे. परंतु शत्रू जागा असेल, तर काय? त्या परिस्थितीचा अनुभव स्वतंत्र भारताच्या नौदलाला गोव्याच्या मुक्तिसंग्रामात आला.

६.
१८ डिसेंबर १९६१. ‘ऑपरेशन विजय’ सुरू झाले होते. कारवारजवळचे अंजदीव हे छोटे बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. ते घेण्याची जबाबदारी ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ या युद्धनौकांवर आली. समुद्रातून उतरण्यासाठीच घडवलेले वेगळे दल तेव्हा भारताकडे नव्हते. नौसैनिकांचीच तुकडी बांधण्यात आली आणि ती साध्या होड्यांतून बेटाकडे निघाली.

७.
पहिली फळी किनाऱ्याला लागली. मागून येणाऱ्या होड्यांवर मात्र बेटावरून गोळीबार झाला. नौकांच्या तोफांनी प्रत्युत्तर दिले आणि दुसऱ्या दिवशी बेट पूर्णपणे ताब्यात आले. या छोट्याशा कारवाईत भारतीय नौदलाचे सात जण हुतात्मा झाले. बेट लहान, शत्रू मूठभर, विजय निश्चित. तरीही होडी आणि किनारा यांच्यातील त्या थोड्या अंतराची किंमत सात प्राणांची होती. त्याच वर्षी नौदलात आलेली ‘विक्रांत’ तेव्हा अरबी समुद्रात गस्तीवर होती. तिचे काम मात्र विमाने उडवण्याचे होते, किनाऱ्यावर सैनिक उतरवण्याचे नव्हते.

८.
याच प्रश्नाचे नवे उत्तर पाच वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये दिसले होते. सुएझच्या संघर्षात, ६ नोव्हेंबर १९५६ रोजी, ब्रिटनच्या ‘ओशन’ आणि ‘थिसियस’ या नौकांवरून हेलिकॉप्टरे उडाली आणि रॉयल मरीनच्या ४५ कमांडोचे सुमारे चारशे सैनिक सुमारे दीड तासात पोर्ट सैदला उतरले. युद्धात जहाजावरून हेलिकॉप्टरांनी मोठी तुकडी उतरवण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. हेलिकॉप्टरामुळे पुळण ओलांडून थेट आत उतरता येऊ लागले. किनाऱ्यावरील तोफ आता पूर्वीइतकी निर्णायक राहिली नाही.

९.
यानंतर ब्रिटनने आपल्या दोन विमानवाहू नौका, ‘बुलवर्क’ आणि ‘अल्बियन’, कमांडो वाहून नेण्यासाठी बदलून घेतल्या. अमेरिकेने एक पाऊल पुढे टाकले. १९६१ मध्ये सेवेत आलेली ‘इवो जिमा’ ही केवळ याच कामासाठी नव्याने बांधलेली पहिली नौका ठरली. मात्र या सर्व नौकांत एक उणीव राहिली. हेलिकॉप्टर सैनिकाला वाहून नेते, पण शत्रूच्या लढाऊ विमानापासून त्याचा बचाव करू शकत नाही. त्यासाठी दुसरी, पूर्ण आकाराची विमानवाहू नौका सोबत असावी लागे.

१०.
येथे ‘विराट’चा प्रवेश होतो, तिच्या पहिल्या नावाने. दुसरे महायुद्ध सुरू असताना, जून १९४४ मध्ये, इंग्लंडच्या बॅरो-इन-फर्नेस येथील व्हिकर्स-आर्मस्ट्राँग गोदीत तिच्या बांधणीस आरंभ झाला. युद्ध संपले आणि काम रखडले. १९५३ मध्ये क्लेमेंटाइन चर्चिल यांच्या हस्ते तिचे जलावतरण झाले. नोव्हेंबर १९५९ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, ती ‘हर्मिस’ या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झाली.

११.
‘हर्मिस’ आरंभी नेहमीसारखी विमानवाहू नौका होती. डेकवर कॅटापुल्ट होते. विमानाला गोफणीतल्या दगडाप्रमाणे पुढे फेकणारे हे यंत्र असते. परतणाऱ्या विमानाला अडवण्यासाठी पोलादी तारा होत्या. परंतु साठच्या दशकात जेट विमाने जड आणि वेगवान झाली. फँटमसारख्या विमानासाठी हा डेक अपुरा पडू लागला. त्यातच मोठ्या विमानवाहू नौकांचा खर्च ब्रिटनला झेपेनासा झाला होता.

१२.
म्हणून १९७१ ते १९७३ या काळात तिचे रूपांतर करण्यात आले. कॅटापुल्ट काढले, अडवणाऱ्या तारा काढल्या. कमांडोंच्या निवासाची सोय झाली. सुमारे साडेसातशे सैनिक, त्यांना नेणारी हेलिकॉप्टरे आणि बाजूंना टांगलेल्या चार उतराई-होड्या, असे तिचे नवे रूप ठरले. १९७४ मध्ये सायप्रसवर तुर्की सैन्य उतरले, तेव्हा तेथील लोकांना बाहेर काढण्याच्या कामात ती होती. जेट विमाने मात्र तिच्या डेकवरून गेली होती, आणि कॅटापुल्टशिवाय ती परत येण्याची शक्यता दिसत नव्हती.

१३.
हा पेच एका विमानाने सोडवला. हॅरियर विमानात रोल्स-रॉईसचे पेगॅसस नावाचे एकच इंजिन असते. त्याचा झोत बाहेर टाकणारे चार नळ फिरवता येतात. नळ मागे वळवले की विमान पुढे जाते, खाली वळवले की ते हवेत तोलून धरले जाते. त्यामुळे हे विमान थोड्या धावेत उडते आणि हेलिकॉप्टरप्रमाणे सरळ खाली उतरते. त्याला ना कॅटापुल्ट लागते, ना अडवणाऱ्या तारा.

१४.
डग्लस टेलर या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने त्यात एका साध्या कल्पनेची भर घातली. डेकच्या टोकाला चढ दिला, तर विमान सुटताना आपोआप वर फेकले जाते. मग कमी धावेत जास्त इंधन आणि शस्त्रे नेता येतात. यालाच ‘स्की-जंप’ म्हणतात. १९८०-८१ मध्ये ‘हर्मिस’च्या पुढच्या टोकाला १२ अंशांचा असा चढ बांधण्यात आला. ज्या डेकवरून जेट विमाने कायमची गेली असे वाटले होते, तेथे ती सी हॅरियरच्या रूपाने परतली. सैनिक नेण्याची सोय मात्र तशीच राहिली.

१५.
वर्षभरातच या मिश्रणाची कसोटी लागली. एप्रिल १९८२ मध्ये अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटे ताब्यात घेतली. ५ एप्रिल रोजी पोर्ट्समथहून निघालेल्या आरमारात ‘हर्मिस’ ही ध्वजनौका होती आणि रिअर ॲडमिरल सँडी वुडवर्ड यांनी तिच्यावरून मोहीम चालवली. निघताना तिच्या डेकवर सी हॅरियर होती, सी किंग हेलिकॉप्टरे होती आणि आत रॉयल मरीनचे सैनिक होते. बंदरापासून बारा हजार किलोमीटरहून दूर, जवळ एकही मित्रतळ नसताना, ही नौका एका छोट्या लष्करी तळाचे काम करत होती.

१६.
२१ मे १९८२ रोजी सॅन कार्लोसच्या खाडीत ब्रिटिश सैन्य उतरले. पहिल्या तुकड्या रात्रीच्या अंधारात होड्यांतून गेल्या. तोफा आणि साहित्य हेलिकॉप्टरांनी नेले. दिवस उजाडल्यावर अर्जेंटिनाची विमाने तुटून पडली. सी हॅरियर त्यांच्या आड उभी राहिली. संपूर्ण युद्धात हवाई लढतीत एकही सी हॅरियर पाडले गेले नाही. तरीही अनेक ब्रिटिश नौका बुडाल्या, कारण या विमानांची संख्या मोजकी होती आणि आकाश विस्तीर्ण होते.

१७.
हेलिकॉप्टरांचे महत्त्व त्यांच्या अभावातून सिद्ध झाले. २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळले आणि त्यावरील बहुतेक अवजड हेलिकॉप्टरे जळून गेली. परिणामी सैनिकांना पाठीवर अवजड ओझे घेऊन, चिखल आणि थंडी तुडवत, राजधानी स्टॅनलीच्या दिशेने पायी जावे लागले. १४ जून रोजी अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली. सैनिक, हेलिकॉप्टर आणि जेट यांपैकी एक जरी कमी पडले, तरी उरलेल्या दोहोंवर किती भार येतो, याचा हा धडा होता.

१८.
आजच्या उभयचर हल्ला नौका याच अनुभवाच्या वाटेवर घडल्या आहेत. १९८९ मध्ये सेवेत आलेल्या अमेरिकेच्या ‘वास्प’ची लांबी सुमारे २५७ मीटर आणि वजन सुमारे ४० हजार टन आहे. वर हेलिकॉप्टरे आणि सरळ उतरणारी जेट विमाने असतात. मागच्या बाजूला एक अंतर्गत गोदी असते. तिच्यात पाणी सोडले की उतराई-नौका थेट समुद्रात निघतात. आत सोळाशेहून अधिक मरीन राहू शकतात, मोठे रुग्णालयही असते. ‘हर्मिस’मध्ये अशी अंतर्गत गोदी नव्हती. ती या वंशाची पूर्वज होती, पूर्ण वाढलेले रूप नव्हे.

१९.
भारताकडे सी हॅरियर ‘हर्मिस’च्या आधीच आली होती. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली तीन विमाने गोव्यात दाबोळी येथील नौदलाच्या ‘हंसा’ तळावर उतरली आणि त्याच महिन्यात त्यांनी ‘विक्रांत’च्या डेकवर पाय टेकले. ‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ओळखले जाणारे ३०० क्रमांकाचे पथक ती उडवत असे. ‘विक्रांत’ मात्र आता थकत चालली होती. १९८६ मध्ये भारताने ‘हर्मिस’ विकत घेतली. डेव्हनपोर्ट येथे तिची दुरुस्ती झाली आणि १२ मे १९८७ रोजी ती ‘विराट’ या नावाने भारतीय नौदलात आली. कॅप्टन विनोद पसरिचा हे तिचे पहिले कप्तान.

२०.
तिच्या बोधवाक्याचा आशय असा होता: जल ज्याचे, बळ त्याचे. सुमारे २८,७०० टन वजन, २२६ मीटर लांबी आणि दीड हजारांच्या आसपास माणसे, असे हे तरंगते गाव मुंबईच्या बंदराचा भाग झाले. गोव्यात सराव करणारे वैमानिक, मुंबईच्या गोदीत तिची यंत्रे सांभाळणारे कामगार आणि बंदरातून तिची रेषा ओळखणारे मुंबईकर, अशा तीन पिढ्यांच्या आठवणी तिच्याभोवती जमल्या.

२१.
कमांडो नौका म्हणून तिचा जुना स्वभाव भारतीय सेवेत एकदा ठळकपणे प्रकट झाला. १९८७ च्या करारानुसार भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली होती. १९८९ मध्ये अध्यक्ष प्रेमदासा यांनी जुलैअखेर ती परत जावी, अशी मागणी केली आणि दोन्ही देशांत कमालीचा तणाव निर्माण झाला. जुलै १९८९ मध्ये ‘ऑपरेशन ज्युपिटर’अंतर्गत ‘विराट’ पाठवण्यात आली. गढवाल रायफल्सच्या सातव्या बटालियनचे जवान आणि त्यांचे साहित्य हेलिकॉप्टरांनी तिच्यावर चढवण्यात आले.

२२.
समुद्रात थांबलेल्या या नौकेवर आता भूदलाचे पायदळ होते आणि त्यांना किनाऱ्यावर पोहोचवणारी हेलिकॉप्टरे होती. विमाने उडवण्याची तिची क्षमता तर होतीच. सैनिक उतरवण्याची वेळ आली नाही. वाटाघाटी झाल्या आणि मार्च १९९० पर्यंत शांतिसेना परतली. या प्रसंगाचे महत्त्व न झालेल्या कारवाईत आहे. किनाऱ्यापासून दूर उभे राहून, एकही गोळी न झाडता, ‘आम्ही येऊ शकतो’ एवढे सांगणे, हे उभयचर हल्ला नौकेचे सर्वांत वारंवार केले जाणारे काम असते.

२३.
पुढे कारगिल युद्धाच्या काळातील नौदलाच्या हालचालींत आणि संसदेवरील हल्ल्यानंतरच्या ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये ती समुद्रात होती. भारतीय सेवेत तिने सुमारे २,२५० दिवस समुद्रात काढले आणि सुमारे ५ लाख ८८ हजार सागरी मैल अंतर कापले. पृथ्वीला सत्तावीस प्रदक्षिणा घालण्याइतके हे अंतर आहे. जुलै २०१६ मध्ये ती स्वतःच्या वाफेवर अखेरची कोचीला गेली. तेथे तिचे बॉयलर काढण्यात आले आणि ती ओढत मुंबईला आणली गेली. ६ मार्च २०१७ रोजी सूर्यास्ताला तिच्यावरील ध्वज उतरला.

२४.
आता दुसरा प्रश्न: ती मालवणच्या समुद्रात का पोहोचली नाही? याचे उत्तर ‘विक्रांत’पासून शोधावे लागते. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षे खुली होती. पण खाऱ्या पाण्यातले पोलाद सतत निगा मागते. ती न मिळाल्याने २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव संग्रहालय बंद झाले. २०१४ च्या आरंभी नौका सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिची तोडणी सुरू झाली.

२५.
‘विक्रांत’च्या पोलादाचा काही भाग बजाज ऑटोने घेतला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये आणलेल्या ‘व्ही’ या दुचाकीच्या इंधनटाकीत तो वापरला. बजाज हे नाव वाळूजच्या कारखान्यामुळे छत्रपती संभाजीनगरला घरचे आहे. पुंडलिकनगरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या जुन्या ‘व्ही’च्या टाकीत १९७१ च्या युद्धातील नौकेचा अंश असू शकतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या शहरात पोहोचलेली ही आठवण हृद्य आहे. पण टाकीतला पोलादाचा अंश पाहून डेक किती लांब होता, लिफ्टने विमान वर कसे येई, खलाशी कोठे झोपत, हे कोणाला समजणार नाही.

२६.
‘विराट’बाबत असे होऊ नये, अशी इच्छा अनेकांची होती. आंध्र प्रदेशने ती विशाखापट्टणमला नेण्याची तयारी दाखवली, पण ते जमले नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती खडकांजवळ तिचे सागरी संग्रहालय आणि साहसी पर्यटन केंद्र करण्यास मान्यता दिली. अंदाजित खर्च ८५२ कोटी रुपये होता आणि तो खासगी भागीदारीतून उभारायचा होता.

२७.
योजना कागदावर राहिली. जुलै २०१९ मध्ये संरक्षण राज्यमंत्री श्रीपाद नाईक यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले: आर्थिकदृष्ट्या परिपूर्ण आणि स्वयंपूर्ण असा प्रस्ताव कोणत्याही राज्याकडून न आल्याने नौका भंगारात काढण्याचा निर्णय झाला आहे. २०२० मध्ये लिलाव झाला आणि अलंगच्या कंपनीने ती ३८.५४ कोटी रुपयांना घेतली. जतनाचा अंदाज ८५२ कोटी, भंगाराचा भाव ३८.५४ कोटी, ‘विराट’चे भवितव्य या दोन आकड्यांमधल्या दरीत हरवले.

२८.
अखेरचा प्रयत्न न्यायालयात झाला. मुंबईच्या एका कंपनीला नौका विकत घेऊन गोव्यात संग्रहालय करायचे होते. संरक्षण मंत्रालयाने ना-हरकत नाकारली. १० फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोडणीला स्थगिती दिली. मात्र तोवर नौकेचा सुमारे ४० टक्के भाग तोडला गेला होता. एप्रिल २०२१ मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने याचिकाकर्त्यांच्या भावनेची दखल घेतली, पण उशीर झाल्याचे नमूद करून याचिका फेटाळली.

२९.
‘उशीर’ हा शब्द येथे मोलाचा आहे. नौका निवृत्त झाली मार्च २०१७ मध्ये. राज्याचा निर्णय आला वीस महिन्यांनी. तोवर बॉयलर निघाले होते आणि रिकामे जहाज गोदीची जागा अडवून उभे होते. याउलट ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ मध्ये विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून खुली झाली. ती आकाराने लहान होती, पाण्याबाहेर ठेवली गेली आणि निर्णय वेळेत झाला. जतनासाठी अभिमानाबरोबर तारखा, जबाबदार संस्था आणि दर वर्षीच्या निगेचा निधी ठरलेला असावा लागतो.

३०.
‘विराट’सोबत भारतीय नौदलातील एक क्षमताही गेली. सी हॅरियर ११ मे २०१६ रोजी गोव्यात निवृत्त झाली. त्यांची जागा मिग-२९के ने घेतली. २००७ मध्ये आलेली ‘जलाश्व’ सैनिक, उतराई-नौका आणि हेलिकॉप्टरे नेते, पण जेट विमाने नेत नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ जेट विमाने नेते, पण सैन्य उतरवण्यासाठी ती बांधलेली नाही. त्याच दिवशी अनावरण झालेल्या नौदलाच्या नव्या ध्वजातील अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे.

३१.
निवती खडकांजवळची जागा मात्र रिकामी ठेवायची नाही, असे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये नौदलाची ‘गुलदार’ ही नौका निवृत्त झाली आणि २०२५ च्या प्रारंभी ती महाराष्ट्राकडे सुपूर्द झाली. तिला निवतीजवळ समुद्रतळी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळखडक करण्याची योजना आहे. ‘गुलदार’ पोलंडमध्ये बांधलेली, सुमारे अकराशे टनांची. ती विमानवाहू नव्हती. नाक थेट पुळणीवर टेकवून, पुढचा दरवाजा उघडून रणगाडे आणि सैनिक उतरवणारी ती साधी उतराई-नौका होती.

३२.
ज्या समुद्रातून १६६५ मध्ये बसरूरकडे गलबते निघाली, त्याच समुद्राच्या तळाशी एक उभयचर युद्धनौका ठेवण्याची ही तयारी आहे. निवृत्ती आणि हस्तांतरण यांत या वेळी साधारण एक वर्ष गेले. ‘विराट’च्या वाट्याला तेवढी घाई आली नाही. ती पाहायची असेल, तर आता गोव्यातील नौदलाच्या हवाई संग्रहालयात तिच्या डेकवरून उडणारे सी हॅरियर पाहावे लागते. विमान तेथे आहे. ते ज्या डेकवर सरळ खाली उतरत असे, तो डेक अलंगमध्ये कापला गेला.

(थ्रेड समाप्त)